रिपोर्ट सगळे नॉर्मल, मग छातीत धडधड का होते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३७, राहायला घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या पुढे, नोकरी ऐरोलीला आयटीत, घरी आल्यावर रात्री अकरापर्यंत अमेरिकेच्या टीमचे कॉल. गेले सात-आठ महिने मधेच छातीत धडधड होते, मान-खांदे दगडासारखे झालेत, ॲसिडिटी रोजची, पहाटे साडेतीनला खाडकन जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही. दोनदा तर हाताला मुंग्या येऊन वाटलं आता संपलं सगळं, रात्रीच हॉस्पिटलला पळावं लागलं. ईसीजी, टूडी इको, ट्रेडमिल टेस्ट, रक्त, सगळं झालं, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले स्ट्रेस आहे, टेन्शन घेऊ नका. घरचे म्हणतात मनाचे खेळ आहेत. यांचं म्हणणं, मला त्रास खरा होतोय, मग हे नेमकं आहे काय, आणि यातून पुढे हार्ट ॲटॅक, शुगर असलं काही होतं का.

मी ठाण्यात नौपाड्यात २४ वर्षं प्रॅक्टिस करतोय, फॅमिली फिजिशियन आहे. हाच प्रश्न घेऊन आठवड्याला चार-पाच जण तरी येतात, हातात जाडजूड फाइल आणि चेहरा पडलेला, कारण रिपोर्ट नॉर्मल आले याचा आनंद होण्याऐवजी त्यांना वाटतं की आता आपल्यावर कोणी विश्वासच ठेवणार नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ते मनाचे खेळ वगैरे डोक्यातून काढून टाका. तुमची धडधड खरी आहे, ती मोजता येते. नॉर्मल रिपोर्टचा अर्थ एवढाच की हृदयाला, लिव्हरला, किडनीला अजून इजा झालेली नाही. इको हृदयाचे स्नायू आणि झडपा दाखवतो, त्या हृदयाला दिवसभरात किती वेळा उगाच पळवलं गेलं ते इकोत दिसत नाही. गाडीचं इंजिन ठणठणीत आहे पण कोणीतरी ती न्यूट्रलला उभी करून ॲक्सिलरेटर दाबत बसलाय, असं काहीसं.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. साधारण तुमच्याच वयाचा एक पेशंट समोर बसलेला, सवयीने मी त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, पल्स ८२. आम्ही आपलं त्याच्या मुलाच्या शाळेबद्दल बोलत होतो. तेवढ्यात त्याच्या खिशातला मोबाइल थरथरला. त्याने तो बाहेर काढला नाही, बघितला नाही, बसल्या जागचा हलला पण नाही, फक्त बोलता बोलता अर्धा सेकंद थांबला. ऑक्सिमीटरवर आकडा ८२ चा ९१ झाला, मग ९८, मग १०४. मी मशीन त्याच्याकडे वळवून म्हटलं, बघा, कोणाचा फोन होता? म्हणाला, मॅनेजरचा असणार, या वेळेला तोच करतो. परत ऐंशीच्या घरात यायला तीन-चार मिनिटं लागली. आता हा माणूस फोनला घाबरतो असं अजिबात नाही, चांगला धडधाकट, ट्रेकला जाणारा माणूस आहे. पण त्याच्या शरीराने त्या थरथरीचा अर्थ लावला, आणि त्याला विचारायच्या आत लावला. असे दिवसाला पन्नास फोन धरा.

आत काय होतं ते सांगतो. मेंदूला धोका वाटला की दोन घंटा वाजतात. पहिली नसांमधून, एक-दोन सेकंदात. किडनीच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात, ॲड्रिनल, त्या रक्तात ॲड्रिनलिन सोडतात. हृदय जोरात पळतं, श्वास वाढतो, स्नायू ताठ होतात, कातडीचं आणि पोटाचं रक्त कमी करून हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळवलं जातं, लिव्हर साखर सोडते, आणि रक्त थोडं जास्त गोठायला लागतं कारण शरीराचा हिशोब असा की आता मारामारी होणार, जखम झाली तर रक्त लवकर थांबलं पाहिजे. दुसरी घंटा हळू वाजते. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस नावाच्या भागाकडून पिट्युटरी ग्रंथीला निरोप, पिट्युटरीकडून परत त्याच ॲड्रिनलला, आणि मग कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन, जे साधारण वीस ते तीस मिनिटांत वर चढतं आणि बराच वेळ राहतं. याचं काम म्हणजे साखरेचा पुरवठा चालू ठेवणं, आणि सूज, पचन, पुनरुत्पादन ही कामं तात्पुरती मागे टाकणं.

लढा किंवा पळा, ही कल्पना अमेरिकेतल्या वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये मांडली. त्याच्या आधी, १८९७ च्या सुमारास, ते नव्या नव्या एक्सरेखाली मांजरांचं पचन बघत होते, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की मांजर चिडलं किंवा घाबरलं की त्याच्या पोटाची हालचाल चक्क थांबते, आणि शांत झालं की परत सुरू होते.

पण मला नेहमी वाटतं, हे सगळं आपल्या भाषेला आधीपासून माहीत होतं. तोंडचं पाणी पळालं म्हणतो ना आपण? भीतीने लाळ खरोखरच कमी होते. हातपाय गार पडले, म्हणजे कातडीचं रक्त आत खेचलं गेलं. पोटात गोळा आला, म्हणजे जठराची हालचाल थांबली. अंगावर काटा आला, तो त्याच नसांचा परिणाम. भूक मेली, घशाला कोरड पडली, छातीत धस्स झालं, यातला एकही शब्द मनाबद्दल नाही, सगळे शरीराबद्दल आहेत. आपल्या आज्या जे बघत होत्या तेच बोलत होत्या. त्यामुळे पेशंट म्हणाला की डॉक्टर पोटात खड्डा पडल्यासारखं होतं, तर मी ते शब्दशः लिहून घेतो.

आता, ही यंत्रणा वाईट नाहीये. कळव्याला लोकल सुटायच्या आत जिना चढताना, मुलगा रस्त्यावर धावला तर त्याला खेचताना, हीच आपल्याला वाचवते. घोटाळा कुठे आहे तर ती सुरू करायला कारण लागतं तसं बंद व्हायलाही कारण लागतं. पळालात, दमलात, घाम आला, धोका गेला, की शरीराला कळतं की झालं. तुमच्या दिवसात ते ‘झालं’ कधी येतच नाही. सकाळी मानपाड्यापासून कापूरबावडीपर्यंत गाडी मुंगीच्या पावलाने, माजिवड्याला परत तेच, विटाव्याच्या पुलाखाली पाणी भरलंय की काय ही काळजी, इकडे साडेनऊची मीटिंग चालू झाली असणार. शरीर लढायला तयार होऊन बसलंय आणि तुम्ही सीटबेल्ट लावून ब्रेकवर पाय ठेवून बसलायत. साखर रक्तात सोडली, वापरली गेली नाही. स्नायू ताठ केले, सैल झाले नाहीत, ते तुमचे मान-खांदे. मग ऑफिस, मग परत तोच रस्ता, आणि जेवण अर्धवट टाकून रात्री कॉल. म्हणजे झोपायच्या आधीच्या तासात शरीर परत एकदा रणांगणावर.

हान्स सेल्ये नावाच्या शास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये माँट्रिअलला उंदरांवरच्या प्रयोगात हे दाखवलं की थंडी असो, जखम असो की औषधाचा डोस, त्रास वेगवेगळे पण शरीरात खुणा त्याच, ॲड्रिनल सुजलेली, प्रतिकारशक्तीची थायमस ग्रंथी आक्रसलेली, जठरात अल्सर. आणि १९९३ मध्ये ब्रूस मॅकएवेन यांनी सहकाऱ्याबरोबर ॲलोस्टॅटिक लोड ही कल्पना मांडली, म्हणजे जुळवून घेता घेता शरीराची होत जाणारी झीज. मला हा झिजेचा मुद्दा सगळ्यात पटतो कारण क्लिनिकमध्ये मी तेच बघतो, एका मोठ्या धक्क्याने आजारी पडलेली माणसं थोडी, रोजच्या घासण्याने झिजलेली जास्त.

तुम्ही विचारलंय हार्ट ॲटॅक आणि शुगर होते का. सरळ उत्तर, स्ट्रेस एकटा बहुतेक वेळा करत नाही, पण बाकीच्या सगळ्यांना हात देतो. सलीम युसुफ या मूळच्या केरळच्या डॉक्टरांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत झालेला इंटरहार्ट नावाचा मोठा अभ्यास २००४ मध्ये आला, त्यात सिगरेट, कोलेस्टेरॉल, बीपी, डायबेटिस, पोटाचा घेर यांच्या रांगेत मानसिक-सामाजिक ताण हाही हार्ट ॲटॅकचा एक मोठा घटक निघाला. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने मिळून सांगितलं की आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा स्ट्रोकचा धोका ३५ टक्के आणि हार्टच्या आजाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त असतो. तुमचे कॉल धरून आठवड्याचे तास एकदा कागदावर मांडा, प्रवास न धरता.

शुगरचं तर मी डोळ्यांनी बघतो. वर्तकनगरच्या एक काकू, वीस वर्षांचा डायबेटिस, अगदी शिस्तीच्या, उपाशीपोटी कायम १२०-१३० च्या आसपास. मुलीचं लग्न ठरलं आणि मधेच मोडायची वेळ आली, त्या महिन्यात खाणं तेच, गोळ्या त्याच, तरी आकडा १९० च्या खाली येईना. घरात सगळे त्यांना म्हणत होते की तुम्ही गुपचूप गोड खाता. त्या माझ्यासमोर रडल्या. मी त्यांच्या मिस्टरांना बोलावून समजावलं की साखर फक्त डब्यातून येत नाही, लिव्हरमधूनही येते, आणि सध्या यांचं लिव्हर रात्रंदिवस साखर सोडतंय. कॉर्टिसॉल बरेच दिवस चढं राहिलं की पोटावर चरबी पण वाढते, आणि आपल्याकडच्या लोकांचं पोट आधीच पुढे, तर हा दुष्काळात तेरावा महिना.

पोटाचं. ताणात जठर रिकामं व्हायला वेळ लागतो आणि मोठं आतडं उलट जोरात चालतं, म्हणून वर जळजळ, ढेकर, आणि खाली नेमकं निघायच्या वेळेला संडासला पळावं लागतं. पण एक सांगतो, अल्सर म्हणजे टेन्शन हे आता आपण मानत नाही. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवलं की बहुतेक अल्सरच्या मागे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू असतो, त्याबद्दल त्यांना २००५ चं नोबेल मिळालं. दुसरं मोठं कारण पेनकिलर. तेव्हा रोजची ॲसिडिटी टेन्शनच्या नावावर ढकलून वर्षभर पँटॉप घेत राहू नका, एकदा पोटाच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रतिकारशक्तीबद्दल दोन प्रयोग मला कायम आठवतात. शेल्डन कोहेन यांच्या टीमने निरोगी माणसांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब सोडले, आणि १९९१ मध्ये दाखवलं की ज्यांना ताण जास्त त्यांनाच सर्दी जास्त झाली. दुसरा १९९५ चा, स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची सेवा करणाऱ्या बायकांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची एक छोटी जखम केली, ती भरायला बाकीच्या बायकांपेक्षा सरासरी नऊ दिवस जास्त लागले. नऊ दिवस, एवढ्याशा जखमेला. आपल्या घराघरात सासू-सासऱ्यांचं अंथरुणातलं सगळं करणाऱ्या बायका आहेत, आणि त्या म्हणतात मला काही नाही हो, जरा थकवा आहे.

आणि हाय खाल्ली म्हणतात ते? तेही खरं आहे. १९९० मध्ये जपानी डॉक्टरांनी एक आजार नोंदवला, ताकोत्सुबो, अचानक मोठा धक्का बसल्यावर हृदयाचा डावा कप्पा फुग्यासारखा होतो, त्यांच्याकडच्या ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा दिसतो म्हणून ते नाव. छातीत दुखतं, ईसीजी बिघडतो, पण अँजिओग्राफीत ब्लॉक सापडत नाही. पाळी गेलेल्या बायकांमध्ये जास्त दिसतो, आणि बहुतेक जणी काही आठवड्यांत बऱ्या होतात.

अजून एक गैरसमज, की ताण मोठ्या साहेबांना असतो. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांचा व्हाइटहॉल नावाचा अभ्यास १९६७ ला सुरू झाला, मायकल मार्मट यांनी तो पुढे गाजवला. त्यात सगळ्यात वरच्या अधिकाऱ्यांपेक्षा सगळ्यात खालच्या शिपाई-दारवानांमध्ये हृदयविकाराने मृत्यू साधारण तिप्पट होते. सिगरेट वगैरे हिशोबातून काढली तरी फरक पूर्ण जात नव्हता. पुढच्या कामातून कळलं की काम किती आहे याच्याइतकंच त्या कामावर आपला ताबा किती आहे हे महत्त्वाचं. वाशीच्या एपीएमसीमधला एक माथाडी माझा जुना पेशंट आहे, पन्नाशीचा. त्याला पोती उचलायचा ताण नाही म्हणतो, गाडी किती वाजता लागेल हे कोणी सांगत नाही त्याचा ताण. तुमचे पण कॉल अकराला संपतात की बाराला, ते तुम्ही ठरवता का?

आता त्या दोन रात्रींबद्दल. मुंग्या आल्या, गुदमरल्यासारखं झालं, मरतोय असं वाटलं, तो बहुधा पॅनिक ॲटॅक. यात माणूस नकळत भराभर श्वास घेतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड खाली येतो, आणि त्याने बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. दहा मिनिटांत हा कळस गाठतो आणि उतरायला लागतो. जीवघेणा नाही. पण ऐका, हे मी तुमच्या तपासण्या झाल्यात म्हणून एवढ्या ठामपणे लिहितोय. हॉस्पिटलला गेलात ते शंभर टक्के बरोबर केलंत. चालताना-चढताना छातीत दाब, तो डाव्या हातात किंवा जबड्यात जाणं, दरदरून घाम, चक्कर येऊन पडणं, काळी शौचाला होणं, वजन आपोआप उतरणं, यातलं काहीही असेल तर स्ट्रेस असेल म्हणून घरी बसायचं नाही. गॅस झालाय म्हणून इनो पिऊन झोपलेली आणि सकाळी न उठलेली माणसं मी बघितली आहेत, त्यातला एक माझा शाळेतला मित्र.

आणि उलटंही होतं. एक तरुण मुलगी, कोपरखैरण्याची, सहा महिने तिला दोन ठिकाणी सांगितलं गेलं की लग्नाचं टेन्शन घेतेस म्हणून धडधडतं. हात पुढे कर म्हटलं तर बोटं थरथरत होती. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी केली, थायरॉइडचं काम प्रचंड वाढलेलं. म्हणून तुमच्या फाइलमध्ये टीएसएच, हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्ह आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) आहेत का बघा, नसतील तर तेवढे करून घ्या. घोरत असाल आणि दिवसा पेंग येत असेल तर स्लीप ॲप्नियाचं, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचं विचारा. कॉर्टिसॉलची पॅकेजवाली टेस्ट मात्र स्वतःच्या मनाने करू नका, ते दिवसभर वर-खाली होत असतं, सकाळी सगळ्यात जास्त, मध्यरात्री सगळ्यात कमी, त्या एका आकड्यावरून तुमचा ताण कळत नाही. पहाटे साडेतीनच्या जागेचंही थोडं यातच उत्तर आहे, रात्रीच्या उत्तरार्धात झोप सावध होत जाते आणि कॉर्टिसॉल चढायला लागतं, ताणलेल्या माणसाला तेवढा धक्का पुरतो.

करायचं काय. नोकरी सोडा, डोंगरावर जा असलं मी सांगणार नाही, घराचे हप्ते मलाही कळतात. तुमच्या शरीराला ते ‘झालं, संपलं’ ऐकवायचंय, एवढंच धरून चला. शेवटचा कॉल संपला की लॅपटॉप दुसऱ्या खोलीत कपाटात, आणि खाली उतरून सोसायटीत पंधरा-वीस मिनिटं भरभर चाला, मोबाइल घरी ठेवून. ॲड्रिनलिनने सोडलेली साखर वापरायचा हाच मार्ग. मग बसून दहा मिनिटं श्वास, चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा. श्वास सोडताना व्हेगस नावाची नस हृदयाचा वेग कमी करते, म्हणून सोडणं लांब ठेवायचं. विश्वास नसेल तर बोटाला ऑक्सिमीटर लावून बघा, तो पेशंट आता तेच करतो आणि आकडा उतरताना बघून खूश होतो. ट्रॅफिकमध्ये हॉर्न वाजवण्याऐवजी खांदे कानापर्यंत उचलून सोडून द्या, आठ-दहा वेळा.

चहा-कॉफी दुपारी दोननंतर बंद, कारण कॅफिन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात. दारूने झोप लागते असं वाटतं पण ती पहाटेची झोप मोडते. मेडिकलवाल्याकडून अल्प्राझोलामसारखी मन शांत करायची गोळी मागून घेऊ नका, कोणाच्या सांगण्यावरून धडधडीची गोळी पण नाही, दमा असलेल्याला ती महागात पडते. रविवारी एकदा तरी येऊरला किंवा उपवनला सकाळी जा, आणि जाताना कोणाशी तरी बोलत जा.

बायकोला हे वाचायला द्या. टेन्शन घेऊ नकोस हे वाक्य घरात बंद करा, त्याने आजवर कोणाचं टेन्शन कमी झालेलं मी पाहिलं नाही. त्याऐवजी रात्रीच्या त्या चालण्याला तिने सोबत आलं तर बघा.

सात दिवस घरी बीपी मोजा, सकाळ-संध्याकाळ, आधी पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसून, चहा-सिगरेटनंतर अर्धा तास सोडून, दोन-दोन वेळा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा, १३५/८५ किंवा त्याच्या वर असेल तर ती वही घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. आणि तीन-चार आठवड्यांनीही पहाटेची जाग तशीच असेल, कशातच मन लागत नसेल, तर सायकिॲट्रिस्टकडे जा. इथे ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे म्हणून ठाण्याला पाठवा असं लोक एकमेकांना चिडवतात, आणि त्यापायी कितीतरी माणसं वर्षानुवर्षं मदत घेत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. अपॉइंटमेंट मिळेपर्यंत, किंवा जगावंसंच वाटत नाही असा विचार एकदाही आला तर त्याच रात्री, १४४१६ ला फोन लावा, सरकारची टेलिमानस लाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.